मळा कोणाचा?

वाचकहो, आज एक साधा प्रश्न घेऊन आपल्यापुढे आलो आहे. प्रश्न वांग्यांचा आहे. आपल्या मासिकात वांग्यांवर लेख कसला, असे कोणी हसून म्हणेल. त्याने खुशाल हसावे. पण त्या वांग्यांनी आमच्या भजनी मंडळातील अकरा घरांची दोन रात्री झोप उडवली. ज्या गोष्टी आम्ही वर्षानुवर्षे टाळ वाजवून म्हणत आलो, त्या आम्हांला कितपत कळल्या होत्या याचा झाडा त्यांनी एका सकाळीच घेतला. म्हणून हसून झाल्यावर थोडे ऐकावे, एवढीच विनंती.

आमच्या आळीच्या टोकाला नगरपालिकेची दोनएक गुंठ्यांची मोकळी जागा आहे. नकाशात ती खुली जागा. प्रत्यक्षात तिचा उकिरडा झालेला. एका वर्षी आषाढीची वारी करून आम्ही परतलो. एस.टी.तून उतरून आळीत शिरतो तो त्या उकिरड्याचा भपकारा नाकात गेला. आमच्यातले एक वृद्ध वारकरी तिथेच थबकले आणि म्हणाले, "काय हो, वाटेवरच्या परक्या गावांनी आपल्याला इतके दिवस पिठलं-भाकरी वाढली. ओळख ना देख. आणि आपण आपल्या शेजाऱ्याला वर्षभर काय वाढतो? हा वास!" एवढेच बोलून ते घरी गेले. पण बोल मनात रुतून बसला.

पुढच्या एकादशीला भजनानंतर विषय निघाला. उकिरडा काढून तिथे भाजीपाल्याची बाग करावी, ती सर्वांनी मिळून राबून करावी आणि आळीला खाऊ घालावी, असे ठरले. नगरपालिकेत अर्ज दिला. परवानगीचा कागद हाती यायला दिवाळी उजाडली. मग हिवाळाभर आम्ही राडारोडा उपसला. सात ट्रॉल्या निघाल्या! खाली नुसता मुरूम. त्यावर तळ्यातला गाळ आणून टाकला, शेणखत घातले, अकरा घरांतला ओला कचरा खड्ड्यात थराथराने कुजवला. दुसऱ्या पावसाळ्यात अळू, दोडका, कारली यांनी जागा हिरवी केली. श्रावणात वांग्याचे बी गादीवाफ्यावर टाकले आणि भाद्रपदात रोपे काढून सरीवर लावली.

रोपे लावली त्या संध्याकाळी नारळ फोडला, कर्णा लावला आणि दोन शब्द बोलण्याचे काम माझ्याकडे आले. मी जे बोललो ते आज आठवले की कानशिले तापतात. मी म्हणालो, "ही बाग आमच्या अकरा घरांची नाही. ही सर्व शेजाऱ्यांची आहे. ज्याला लागेल त्याने न्यावे, संकोच करू नये." टाळ्या झाल्या. मलाही माझे बोलणे फार आवडले.

आपल्याकडे चातुर्मासात पुष्कळ घरी वांगे वर्ज्य असते. काही घरी तर चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच ते पानात येते. आमची वांगी नेमकी त्याच सुमारास धरली. पहिला तोडा षष्ठीला सकाळी करायचा, नैवेद्य दाखवायचा आणि मग वांगी आळीत घरोघर वाटायची, असा बेत झाला. पंचमीच्या संध्याकाळी मी स्वतः मोजली. बेचाळीस भरली. त्यांतल्या दोन जोमदार वांग्यांना बियाण्यासाठी लाल दोरा बांधला आणि समाधानाने घरी गेलो. षष्ठीला सकाळी पाहतो तो तीस! बारा गेली.

आता काय सांगावे! बारा वांग्यांचा तो काय मोल. बाजारात कोणी त्यासाठी भांडणार नाही. पण जणू घरात दरोडा पडला अशी आमची स्थिती झाली. नैवेद्य झाला, आरती झाली, आणि प्रसाद हातात घेऊन आम्ही बसलो ते चोराचा विचार करीत. एक म्हणाले, कुलूप घाला. दुसरे म्हणाले, हल्ली कॅमेरा स्वस्त मिळतो, तो लावा. तिसऱ्यांनी पाटीचा मजकूरही सांगितला: फळे तोडू नयेत, तोडल्यास दंड होईल. सर्वांत मोठ्या आवाजात कुलपाची बाजू मांडली ती मी. म्हणालो, "राबणारे आपण. पाठी आपल्या मोडल्या. पहिला हक्क राबणाऱ्याचा. आयत्या बिळावर नागोबा आम्ही खपवून घेणार नाही."

खरे सांगायचे तर त्या सकाळी एक गोष्ट माझ्या नजरेत आली होती, पण मी ती मनात येऊ दिली नाही. वांगी ओरबाडलेली नव्हती. देठ विळीने किंवा चाकूने नीट कापले होते. एकही फांदी मोडली नव्हती, एकही कळी झडली नव्हती. आणि लाल दोऱ्याच्या दोन्ही वांग्यांना हात लागला नव्हता. चोराला बियाण्याची कदर कशी? पण रागाला असे प्रश्न पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा आमची बैठक बसली. कुलूप केवढे आणावे इथपर्यंत गोष्ट आली होती. अंधार पडला होता. इतक्यात फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. जागेला लागून एका इमारतीचे बांधकाम चालू होते. तिथे पत्र्याच्या खोपटात राहणाऱ्या मजुरांतली ती. कडेवर मूल, दुसरे पदराला. ती म्हणाली, "आज मेथी कापू का जरा? परवा वांगी नेली, लई ग्वाड होती."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. एकाने आवाज चढवून विचारले, "रात्रीची का नेलीस?" तिला त्या प्रश्नाचा रोखच कळला नाही. "दिवसा कामावर असते की. मुकादम सोडतो तवर अंधार पडतोय," ती म्हणाली. मग आमचे चेहरे पाहून जरा थांबली आणि म्हणाली, "तुम्हीच बोलला न्हवं भोंग्यावर, समद्या शेजाऱ्यांची हाय म्हणून? आम्ही हितंच राहतो."

वाचकहो, तिची खोपटी फाटकापासून चाळीस पावलांवर होती. माझे घर शंभरावर.

बाईने मेथी नेली. "ने," असे कोण बोलले ते आता आठवत नाही. मी नव्हतो एवढे आठवते. ती गेल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी एकजण पुटपुटले, "शेजारी म्हणजे आपण घरवाले म्हणत होतो." म्हणणे खरे होते आणि तेच टोचत होते. शेजारी हा शब्द आम्ही कर्ण्यावर उच्चारला तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर ज्यांच्या दारावर नावाची पाटी आहे तेच होते. ती बाई चोर नव्हती. आमचा शब्द आमच्यापेक्षा तिने खरा मानला होता, एवढाच तिचा अपराध.

असो. गोष्ट इथे संपली असती तर लिहिण्याचे कारण नव्हते. पण तिच्यातून एक प्रश्न उरला आणि तो सोपा नाही. दहा माणसांनी राबून मळा पिकवला आणि न राबलेल्या अकराव्याने येऊन तोडून नेले, तर ते न्याय्य म्हणावे काय? भाविकपणे हो म्हणून टाकणे सोपे आहे. पण तसे केले तर राबणाऱ्यावर अन्याय होतो. ज्याने पहाटे उठून पाणी घातले त्याच्या घामाला काही किंमत आहे की नाही? आणि आज एकाने नेले, उद्या दहांनी नेले, परवा कोणी राबायलाच आले नाही, तर बाग राहील कुठे?

हा विचार आमच्याच आळीला सुचला असे नाही. अमेरिकेत गॅरेट हार्डिन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६८ साली एक लेख लिहिला. तो पुढे जगभर गाजला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, सामाईक कुरणात जो तो आपले एक जनावर वाढवीत जातो. फायदा त्याच्या एकट्याचा, झीज सगळ्यांची; म्हणून कुरणाचा नाश ठरलेला. आपल्याकडे गावोगावच्या गायरानांचे काय झाले ते पाहिले की त्याचे म्हणणे अगदीच खोटे होते असे म्हणवत नाही.

परंतु त्याला उत्तरही मिळाले. एलिनॉर ऑस्ट्रम नावाच्या विदुषीने स्वित्झर्लंडच्या डोंगरी कुरणांपासून स्पेनमधल्या पाटपाण्यापर्यंत अनेक सामाईक व्यवस्थांचा अभ्यास केला आणि १९९० साली ग्रंथ लिहून दाखवले की माणसे शतकानुशतके सामाईक वस्तू मिळून सांभाळत आली आहेत. नाश ठरलेला नाही. मात्र नियम हवेत; ते वापरणाऱ्यांनीच ठरवलेले हवेत; राखण करणारा आपल्यातलाच हवा; आणि चुकणाऱ्याला पहिल्याच चुकीला मोठी शिक्षा नको. या कामासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अहो, त्यासाठी स्पेनला तरी कशाला जावे! आपल्या खानदेशात आणि नाशिककडच्या भागात फड पद्धत आहे. पांझरेसारख्या नद्यांवर लहान बंधारे घालून पाणी पाटाने आणायचे, बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, अशी ही काही शतकांची रीत. पाणी वाटायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या. त्यांचा मोबदला सगळे मिळून देणार. कोणी कोणाच्या पुण्याईवर विसंबला नाही, व्यवस्थेवर विसंबला. म्हणजे नियम पाहिजेत, राखणही पाहिजे, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

मग माझे कुलूप बरोबरच होते म्हणायचे का? इथेच विचाराची गाठ आहे. नियम हवा हे खरे. पण तो कशावर हवा?

याच शेतकऱ्याची दुसरी रीत पाहा. कापणी झाली, कणसे बांधून खळ्यावर गेली, की शेतात पडलेली कणसे गोरगरीब वेचतात. त्याला आपण सरवा म्हणतो. सरवा वेचणाऱ्या म्हातारीला "तू पेरणीला आली होतीस का?" असे विचारणारा धनी गावात हलका ठरे. तोच धनी पाटाच्या पाण्याच्या पाळीसाठी मात्र भावाशीही भांडे. यात विसंगती नाही, बरे का! पाण्याची पाळी हा कामाचा हिशेब. तो चोख हवा, कारण तो बिघडला तर पीकच येणार नाही. सरवा हा पोटाचा भाग; त्याचा हिशेब मांडला तर पीक येईल, पण गाव राहणार नाही.

आणि आपली वारी? दिंडीत चालण्याला शिस्त आहे. भिशी भरावी लागते, आपली जागा सोडता येत नाही, चोपदाराचे ऐकावे लागते. पण वाटेवरच्या गावात पंगत बसली की वाढपी कोणाला विचारतो काय, की तू किती मैल चाललास? आळंदीहून पायी आलेल्याला एक भाकरी आणि कालच ट्रकमधून उतरलेल्याला अर्धी, असे कधी कोणी वाढले आहे? तसे कोणी करू लागला तर आपणच त्याच्या हातातली पाटी काढून घेऊ. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. काल्यात कोणाच्या लाह्या, कोणाचे दही, हे काला झाल्यावर निवडून काढता येत नाही. आणि काढता येत नाही म्हणूनच तो काला. ज्याने काही घातले नाही त्याच्याही तळहातावर तो पडतो.

म्हणजे माझी चूक नियम मागण्यात नव्हती. फाटकात उभे राहून खाणाऱ्याला 'तू राबलास का' असे विचारायला मी निघालो होतो, ती चूक. मी कामाचा नियम घासाला लावत होतो.

फळाची आशा सोडावी असा गीतेचा उपदेश आपण प्रवचनात नित्य ऐकतो आणि मान डोलावतो. तोवर फळ म्हणजे स्वर्ग, कीर्ती, मोक्ष असे काही दूरचे असते. ते सोडायला सोपे. पण फळ म्हणजे खरेच जांभळे, काटेरी देठाचे, आपण मोजून ठेवलेले वांगे असले की काय होते, ते मी त्या सकाळी पाहिले. बेचाळीस हा आकडा माझ्या मनात कशासाठी होता? झाडासाठी नव्हता, आळीसाठीही नव्हता. वाटणारा मी, घरोघर जाणार मी, लोक हात जोडणार मला, यासाठी होता. त्या बाईने बारा वांगी नेली तेव्हा माझ्या हातून बारा वेळा दाता होण्याची संधी गेली. खरा संताप त्याचा होता. देण्यातही मालकी असते, वाचकहो. ती सुटणे कठीण. ज्याला मागावे लागत नाही त्याने नेलेल्या वस्तूचे श्रेय कोणाच्याच खात्यावर पडत नाही, आणि तेवढे सोसायला आमचे मन तयार नव्हते.

आपल्या परंपरेत या गोष्टीचा अधिकारी पुरुष एकच, अरणचे सावता महाराज. तेराव्या शतकातले, नामदेवरायांच्या काळातले. १२९५ साली त्यांनी अरणलाच देह ठेवला. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, आणि पांडुरंगाचीच पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते, अशी परंपरा आहे. आपण याचा अर्थ एवढाच घेतो की कामातच देव पाहावा. तो बरोबरच आहे. पण मला आता दुसरेही काही दिसते. मळ्यात राहिलेला माणूस येणाऱ्याची वाट पाहत असतो. देव येईल तो कोणत्या रूपात, कोणत्या वेळी, हे त्याला ठाऊक नसते. फाटकाला कुलूप घालून वाट कशी पाहणार? आमच्या फाटकाशी अंधारात कडेवर मूल घेऊन कोणी आले, तेव्हा आम्ही कुलपाचे माप ठरवीत होतो. यापरते अधिक मी लिहीत नाही.

आता कोणी व्यवहारी वाचक म्हणेल, "महाराज, हे भाषण ठीक, पण उघड्या फाटकाची बाग टिकते का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आपल्या संप्रदायाशी काही संबंध नसलेल्या परमुलखातली दोन उदाहरणे सांगतो.

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरमध्ये टॉडमॉर्डन नावाचे लहान गाव आहे. तिथे २००८ साली पॅम वॉरहर्स्ट, मेरी क्लियर आणि त्यांच्या मंडळींनी गावातल्या पडीक कोपऱ्यांत भाजीपाला लावायला सुरुवात केली. पोलीस ठाण्यासमोर मका, दवाखान्याच्या आवारात औषधी वनस्पती, रेल्वे स्टेशनवर चटणी-मसाल्याची पाने! आणि पाट्या लावल्या त्या 'तोडू नका' अशा नव्हेत; ज्याला हवे त्याने न्यावे, अशा. जो जेवतो तो आपला, एवढीच त्यांची सभासदत्वाची अट. मेरीबाईंनी तर आपल्या घरापुढची भिंत उतरवून ठेंगणी केली, की येणाऱ्याजाणाऱ्याला आत यायला संकोच वाटू नये. आपण भिंत चढवण्याचा विचार करतो. त्या आजीने ती उतरवली! ही चळवळ पुढे इंग्लंडमधल्या आणि परदेशातल्या अनेक गावांनी उचलली.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्क शहराचे. १९७३ साली लिझ क्रिस्टी नावाच्या बाईंनी सोबत्यांसह बाउरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला भूखंड साफ केला आणि तिथे बाग केली. पुढच्या वर्षी शहराने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. पाहता पाहता शहरभर अशा बागा झाल्या. जमीन मात्र बहुतेक ठिकाणी शहराचीच. १९९९ साली तिथल्या महापौरांनी शंभरावर बागांच्या जागा लिलावात काढल्या. कुंपण, कुलूप, फाटक यांचा तेव्हा काय उपयोग? लिलावापुढे कुलूप चालत नाही. लोक रस्त्यावर उतरले, खटले झाले, आणि शेवटी दोन संस्थांनी पैसे उभे करून त्या बागा विकत घेतल्या व वाचवल्या. ज्या बागेला लोक आपली म्हणतात तिच्यासाठी लोक उभे राहतात. अकरा घरांच्या कुलूपबंद बागेवर उद्या नगरपालिकेने नांगर फिरवला तर अकराच घरे रडतील. आळी म्हणेल, आम्हांला काय त्याचे?

या सगळ्या विचारातून आम्ही जे नियम केले ते सांगतो. कोणाला आपल्या गावात असे काही आरंभायचे असेल तर उपयोगी पडतील.

पहिला नियम कामाचा. राबणाऱ्यांनी वार लावून घ्यावेत आणि वहीत लिहावेत. ज्याचा वार त्याने पाणी, खुरपणी, खड्ड्याची उलथापालथ करावी. चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट. इथे दयामाया नाही. भजनाला आलो होतो ही सबब चालत नाही.

दुसरा नियम असा की तोडून नेणाऱ्याची वही नाही. कोणी किती नेले हे लिहायचे नाही, मोजायचे नाही आणि पाराखाली बसून बोलायचे तर मुळीच नाही. हा तिसरा भाग सर्वांत अवघड आहे.

तिसरा नियम ओंजळीचा. आपल्या घरी एका वेळेला लागेल तेवढे न्यावे. मागून येणाराही भुकेलाच आहे. पाटी लावली ती एवढीच. लाल दोरा बांधलेले फळ बियाण्याचे आहे, तेही तिच्यावर लिहिले.

चौथा नियम फाटकाचा. कुंपण आहे, ते शेळ्या, गुरे आणि डुकरांसाठी. माणसांसाठी फाटक आहे, त्याला कडी आहे, कुलूप नाही. आणि फाटकावर एक दिवा लावला, कारण मुकादम सोडतो तेव्हा अंधार पडलेला असतो.

याने सर्व काही गोड झाले असे मी म्हणणार नाही. अकरांतली दोन घरे या नियमांवरून बाहेर पडली. त्यांचा राग अजून गेलेला नाही. त्यांना मी वाईट म्हणत नाही, कारण षष्ठीच्या दिवशी मी त्यांच्याच बाजूला होतो. एका नव्या घराने वार घेतला. म्हणजे आता आम्ही दहा आहोत. एकदा एका गृहस्थाने शेवग्याच्या सगळ्या शेंगा उतरवून हातगाडीवाल्याला विकल्या. आम्ही दोघेजण त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला आणि सांगितले की ओंजळीच्या नियमात हातगाडी बसत नाही. ते महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. पण शेंगा पुन्हा गेल्या नाहीत. पोटासाठी नेणारा आणि धंद्यासाठी नेणारा यांत फरक आहे. तो ओळखायला कॅमेरा लागत नाही, शेजार लागतो. चुकणाऱ्याच्या घरी चहा प्यायला जाण्याची तयारी नसेल तर सामाईक बाग आरंभू नये, असे माझे मत झाले आहे.

काही मंडळी विचारतात, त्या बाईने पुढे वार घेतला का? नाही घेतला. दिवसभर विटा वाहणाऱ्या बाईला आम्ही विचारलेही नाही. ती न राबता खाते हे म्हणणेच किती पोकळ होते! आमच्या आळीतल्या भिंती कोणी रचल्या, छपरावर सिमेंटची पाटी कोणी चढवली, याची वही आम्ही कधी मांडली होती? राबणारे कोण आणि न राबणारे कोण हा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला गेलो तर आपलेच नाव कोणत्या पानावर निघेल, याची खात्री देता येत नाही. म्हणूनही तो फाटकात मांडू नये.

चैत्रात इमारत पुरी झाली आणि खोपटी उठली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ती बाई आली आणि तिने लाल दोऱ्याच्या वांग्याचे चिमूटभर बी मागितले. ते वांगे झाडावर पिवळे पडेतो पिकू देऊन, बी धुऊन, वाळवून आम्ही राखेत ठेवले होते. मी कागदाच्या पुडीत बांधून दिले आणि विचारले, "कुठे लावशील?" ती म्हणाली, "बघू की. जाईल तिथं."

ती कुठल्या कामावर गेली, ते बी कुठे पडले, उगवले की नाही, आम्हांला ठाऊक नाही. ठाऊक असण्याचे कारणही नाही. यंदा श्रावणात उरलेले बी गादीवाफ्यावर टाकू. चंपाषष्ठीला पहिला तोडा होईल. आदल्या संध्याकाळी वांगी मोजायची नाहीत, असे मी मनाशी ठरवले आहे. मोजणारच नाही असे छातीठोक सांगत नाही; मन ओढाळ आहे. पण मोजली तरी सकाळी पुन्हा मोजायची नाहीत, एवढे पाळता आले तरी पुष्कळ झाले म्हणेन.

रामकृष्णहरि.